बारवेवरची फिरसांगणी

कार्तिक लागला. मोगलाईतून घरी येऊन मला सहा महिने झाले, तरी सकाळी अंथरुणातून उठलो की मी आधी दोन्ही पायांचे घोटे उजेडात धरून पाहतो. नारूचे पाणी पोटात गेल्यावर किडा कातडीतून वर यायला वर्षभर लागते, हे मला आता पाठ आहे. म्हणजे माझी पाळी असलीच तर माघ-फाल्गुनात. तरीही पाहतो. आई विचारते, काय रे शोधतोस. मी म्हणतो, काटा.

संध्याकाळी पडवीत मंडळी जमली की विचारतात, निजामाच्या मुलखात काय काय पाहिलेस ते सांग. मी त्यांना गाडी उलटल्याची गोष्ट सांगतो, ज्वारीच्या भाकरीची सांगतो, धर्मापुरीच्या देवळाची सांगतो. वाडीची सांगत नाही. ती इथे लिहितो आहे. आमच्या कोकणातून त्या बाजूला कोणी जात नाही, त्यामुळे वाचणाऱ्यांना सगळेच नवे वाटेल. पण मला त्यांना नवल दाखवायचे नाही.

आधी माझी ओळख. इंग्रजी चौथीत असताना वडील गेले आणि माझी शाळा सुटली. एका नातेवाइकाच्या ओळखीने हैदराबादेस एका दवाखान्यात पुड्या बांधायला लागलो आणि बारा वर्षे पुड्याच बांधल्या. उर्दू तिथे कानावर पडून आली. इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवरून आणि डॉक्टरांच्या बोलण्यावरून. मग मला मोठा ताप आला. दवाखान्यातल्या एका गोऱ्या डॉक्टर साहेबांनी चौदा दिवस मला स्वतः पाहिले, आणि उठून बसलो तेव्हा विचारले की त्यांच्याबरोबर बीड जिल्ह्यात येशील का, दुभाषी म्हणून. ज्या माणसाने जीव वाचवला त्याला नाही कसे म्हणणार. आणि खरे सांगायचे तर मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी पुड्यांखेरीज काही करशील का म्हणून विचारले होते.

लिंबागणेश

जालन्यास रेल्वे सोडली आणि बैलगाड्या धरल्या. चार गाड्या होत्या. तिसरीत काचसामान आणि मी. साहेबांची सूक्ष्मदर्शकाची पेटी मी मांडीवर घेऊन बसे. बीडच्या अलीकडे नाल्यात गाडी कलंडली तेव्हा मी पेटी पोटाशी धरून पडलो. पेटी शाबूत, माझे कोपर सोलले. गाडीवान म्हणाला, "तिला काय न्हाई झालं, पन तुमी लई पांढरे पडलाव."

जमीन काळी. आमच्याकडची तांबडी माती पायाला लागली तर धुतली की जाते. ही भेगाळलेली, आणि भेगा वीतभर काठी आत जाईल इतक्या खोल. माघातच हवा तापलेली. लिंबागणेशला गणपतीच्या देवळाजवळ आमचा पहिला तळ पडला. गाडीतून उतरल्याबरोबर मी जवळच्या बारवेत उतरलो आणि ओंजळीने पोटभर पाणी प्यालो. ते पाणी कसे असते हे मला नंतर कळले.

बारव म्हणजे काय, ते आमच्या मंडळींना सांगायला हवे. चौकोनी दगडी विहीर, पण काठावरून दोर सोडायची नव्हे. पायऱ्या पाण्यापर्यंत उतरत जातात. कोनाड्यात देव, पायऱ्यांच्या कडा झिजून गुळगुळीत. आमच्याकडे पाण्याला पाय लावला तर म्हातारी माणसे अंगावर येतील. इथे बायका घोट्याइतक्या पाण्यात उभ्या राहून घागर बुडवतात. ज्यांच्या पायातून नारू बाहेर आलेला असतो त्याही. किड्याची पिल्ले पाण्यात सुटतात, पाण्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पिसवा त्यांना खातात, आणि त्या पिसवा घागरीतून घराघरात जातात. इतकी देखणी विहीर; आणि तिच्या पायऱ्यांनीच रोग चढतो.

हे शोधायला तीन विद्वान आले होते. साहेब प्रमुख. त्यांना हिंदुस्थानी येई ती घोडा आणा, पाणी तापवा इतकी. निवारणबाबू बंगाली, सूक्ष्मदर्शक त्यांच्या हाती. इंग्रजी फर्डे, पण हिंदुस्थानी बोलू लागले की मौलवी साहेब डोळे मिटून घेत. मौलवी साहेब हैदराबादचे, रसायनाचे जाणते. सगळे शास्त्र उर्दूत शिकलेले. इंग्रजी ग्रंथ बोट ठेवून वाचीत, पण बोललेले इंग्रजी त्यांच्या कानाला लागत नसे. मराठी तिघांनाही नव्हती. ती आणि उर्दू माझ्याकडे.

दुसऱ्याच दिवशी भांडण झाले. बाबूंनी एका कुपीतल्या पिसवा मोजून आकडा सांगितला. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, पुन्हा मोजा. बाबूंनी सूक्ष्मदर्शकावर फडके टाकले आणि तंबूत गेले. दोन दिवस निराळे जेवले. मोडले हे सगळे, आता परत पुड्या, एवढेच माझ्या मनात.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना सतरंजीवर बसवले आणि एक नियम घातला. रोज सूर्य मावळताना बैठक. एकाने मत सांगितले की दुसऱ्याने त्यावर लगेच उत्तर द्यायचे नाही. आधी ते मत स्वतःच्या शब्दांत त्याला परत सांगायचे. तो म्हणाला "हो, हेच", तरच पुढे बोलायचे. पहिल्यांदा साहेबांनी बाबूंचे गाऱ्हाणे परत सांगितले. बाबू म्हणाले, नाही, असे नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी साहेब सावकाश म्हणाले, "गावकऱ्यांसमोर मी तुमच्या हातावर अविश्वास दाखवला." बाबू म्हणाले, हेच. आणि कुपी उचलून पुन्हा मोजायला गेले.

मौलवी साहेबांना नियम फार आवडला. त्यांच्या उस्तादांच्या घरी म्हणे प्रतिपक्षाची बाजू आधी त्याच्यापेक्षा चांगली मांडावी लागे, तेव्हा कुठे खंडन करायची परवानगी.

धर्मापुरी

आंबेजोगाई, जिला सरकारी कागदात मोमिनाबाद लिहितात, तिथून आम्ही धर्मापुरीस गेलो. ते पंधरा दिवस सुखाचे गेले, म्हणून त्यांच्याबद्दल फार लिहिता येत नाही. देवळाच्या भिंतीवर बाहेरून बायकांच्या मूर्ती आहेत. एक काही लिहिते आहे, एक पायातला काटा काढते आहे. निवारणबाबू त्या काटा काढणारीपुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, ही नारूच काढत असेल, इथल्या शिल्प्याने रोज तेच पाहिले असेल.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजल्या मसाल्याच्या पुडीची, आमटी, हिरव्या मिरचीचा ठेचा. भात सणाला. पहिले आठ दिवस मला भाकरी घशाखाली ढकलावी लागली. नंतर तिच्याशिवाय जेवण अपुरे वाटू लागले, आणि आज घरी भात पुढे आला की मला ती आठवते.

बैठका चांगल्या चालत. पण त्यात माझ्याकडून एक गोष्ट घडू लागली. साहेब आणि बाबू एकमेकांशी इंग्रजीत बोलत, तिथे माझे काम नसे. मौलवी साहेबांचे बोलणे मात्र माझ्यातूनच जाई आणि त्यांच्याकडे माझ्यातूनच येई. एकदा ते म्हणाले की तंबू पाण्याच्या वरच्या अंगाला ठोकणे हा निव्वळ अडाणीपणा आहे. मी साहेबांना सांगितले, मौलवी साहेबांची सूचना आहे की तंबू खाली हलवले तर बरे. साहेबांनी आनंदाने हलवले. मग एकदा साहेब वैतागून म्हणाले की या म्हाताऱ्याला प्रत्येक गोष्टीला आठवडा लागतो. मी मौलवी साहेबांना सांगितले, साहेबांना आपल्या सवडीची काळजी आहे. त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली.

तळ उठवताना साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, तू मध्ये बसतोस म्हणून आमच्यात भांडण होत नाही. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला असे कोणी म्हटले तर त्याचे काय होते, ते ज्याची सुटली त्यालाच कळेल. मी ते वाक्य चार दिवस मनात घोळवीत होतो.

घाटनांदूरच्या पलीकडची वाडी

वाडीचे नाव लिहीत नाही. घाटनांदूरहून तीन कोस. चाळीसेक घरे, एक बारव, आणि कोसभर लांब कोरड्या नदीच्या वाळूत खणलेला झिरा. फाल्गुन सरत आला होता. बारवेत पाणी खालच्या पाच पायऱ्यांपुरते उरलेले. बारवेच्या तोंडाशी कडुनिंब होता, त्याखाली आमची बैठक.

गावचे पाटील आबा रोज बैठक पाहायला येऊन बसत. इंग्रजी, उर्दू, पुन्हा इंग्रजी, असे चालले की त्यांना भारी मौज. मला विचारत, "झाली का बे तुमची फिरसांगणी? अरं, आमच्यात दोगं भांडले तर तिसरा सोडवतो. तुमच्यात तिसरा भांडन आदी समजावून देतो, मंग भांडा म्हनतो." त्यांच्यामुळे सगळी वाडी त्या नियमाला फिरसांगणी म्हणू लागली.

वाडीत घरटी एक नारू होता. सरूबाईच्या उजव्या घोट्यावर फोड फुटून किडा बाहेर आला होता, पांढऱ्या दोऱ्यासारखा. पन्नाशीची बाई. नवरा वर्षापासून अंथरुणाला खिळलेला, मुलगा कापसाच्या गाड्या घेऊन बार्शीकडे, सून बाळंतपणाला माहेरी. पाणी तिनेच आणायचे. नारू काढायची रीत अशी की किड्याचे टोक काडीला बांधतात आणि रोज एकच वेढा देतात. ओढायचा नाही. ओढला तर आत तुटतो, आणि तुटला की त्याचे विष पायभर पसरते. निवारणबाबू रोज संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसून तो वेढा देत. त्यांना मराठी नव्हती, तिला दुसरी कुठली भाषा नव्हती. तो वेढा देताना ती त्यांच्या तोंडाकडे पाही आणि ते "आस्ते, आस्ते" म्हणत. मी शेजारी बसून दोघांचे एकमेकांना सांगे.

पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या, असे बाबूंनी माझ्याकडून सांगितले तेव्हा ती हसली. "नेसायला एक फडकं हाय भाऊ. ते घागरीला बांधलं तर मी घरात बसू का?" बाबूंनी हे ऐकून आपल्या उपरण्याचा अर्धा भाग फाडून दिला.

ती मला कोकणातले भाऊ म्हणे. मी गेलो की परातीत भाकरी थापतच विचारी, आई काय करती, समुद्राचं पानी खरंच खारं हाय का, मंग देवानं येवढं कावून ठिवलं. एके दिवशी तिने हात थांबवून विचारले, "लोक म्हनत्यात तुमचा सायेब बारवंत चुना टाकनार. खरं का?"

मी म्हणालो, बोलणे चालले आहे.

"माझ्यानं झिऱ्यावर जाववनार न्हाई, भाऊ. हा पाय घेऊन कोसभर. टाकायचा तर टाका, पन सांगून टाका. मी चार दिसाचं भरून ठिवीन."

मी म्हणालो, तुम्हाला सांगितल्याशिवाय टाकणार नाहीत. हे मी कोणाला न विचारता बोललो.

चुन्याने पिसवा मरतात. साहेबांचे म्हणणे चूक नव्हते: रोज दहा-बारा बायका उघडा नारू घेऊन त्या पाण्यात उतरतात, म्हणजे प्रत्येक दिवस पुढच्या वर्षीचे आजारी तयार करतो. चुना ताबडतोब पडला पाहिजे. शिवाय हैदराबादेहून पत्र आले होते की महिनाअखेर काही काम दिसले नाही तर तळ उठवा. पत्र मीच वाचून लावून ठेवले होते. त्या दिवसापासून माझी झोप गेली होती.

मौलवी साहेबांनी दोन दिवस बारवेच्या झऱ्याखाली मडके धरून मोजमाप केले होते. त्या संध्याकाळी निवारणबाबू सरूबाईकडे वेढा द्यायला गेले होते, आबा पाटीलही नव्हते. निंबाखाली साहेब खुर्चीवर, मौलवी साहेब आपल्या जाजमावर, मध्ये पेटीवर मी. साहेबांनी सांगितले, चुना उद्या. मी ते उर्दूत सांगितले.

मौलवी साहेबांनी आधी साहेबांच्या विद्येचे कौतुक केले, कारण त्यांच्या रीतीत विरोधाआधी ते यायलाच हवे. मग आवाज खाली केला. "मगर मुन्शीजी, साहब से साफ कह दीजिए. झरा कमजोर है. आज चूना पड़ा तो पानी आषाढ़ तक पीने के लायक नहीं होगा. पहले बाजू में कुआँ खोदिए, फिर चूना. मैं राजी नहीं हूँ."

राजी नाही. इतक्या दिवसांत त्यांनी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला होता. मला लिंबागणेशची सतरंजी दिसली, सूक्ष्मदर्शकावर टाकलेले फडके दिसले, आणि ते पत्र. साहेब माझ्याकडे पाहत होते, मौलवी साहेबही. मी इंग्रजीत म्हणालो, मौलवी साहेबांना आपल्या मताचा आदर आहे. चुना हवाच, हे तेही मानतात. त्यांची इच्छा एवढीच की गावाच्या दुसऱ्या पाण्याची सोय पाहावी.

साहेबांनी नियमाप्रमाणे परत सांगितले: म्हणजे चुना टाकावा यावर एकमत, आणि लोकांना दुसरे पाणी मिळावे. अगदी योग्य. उद्या सकाळी नदीतला झिरा सगळ्यांना दाखवू.

मी मौलवी साहेबांकडे वळलो. म्हणालो, साहेब म्हणतात, पाण्याचा बंदोबस्त आधी होईल.

"बस, यही," मौलवी साहेब म्हणाले. छातीवर हात ठेवून साहेबांकडे झुकले. साहेब खुर्चीवरून उठून झुकले. दोघांच्या चेहऱ्यावर समाधान होते. नियम पाळला गेला होता. फक्त "हो, हेच" म्हणायचे ज्याने, त्याच्यापर्यंत त्याचे बोलणे परत गेलेच नव्हते. ते मी अडवले होते.

मला वाटले होते की रात्र जाईल, सकाळी चुन्याची गाडी उशिरा येईल, तोवर काहीतरी करता येईल. अशा माणसाला नेहमी वाटते की मध्ये काहीतरी होईल. पहाटे मौलवी साहेब तट्टावर बसून मोमिनाबादला निघाले. आड, म्हणजे पायऱ्या नसलेली दोराची विहीर, खणणारी माणसे आणि वर बसवायला कप्पी आणायला. जाताना बारवेवर थांबले आणि दख्खनीत मोडके मराठी शब्द घालून बायकांना सांगितले, घाबरू नका, पाण्याला कोणी हात लावणार नाही, आधी नवी विहीर होईल. मी तिथेच उभा राहून ऐकत होतो.

उन्हे वर आली तेव्हा चुन्याची गाडी आली.

चुना कालवताना पाणी उकळल्यासारखे झाले. साहेबांनी आपल्या हाताने घमेली ओतली. कष्टाळू माणूस, दुसऱ्याकडून करवून घेणारा नव्हे. पायऱ्या पांढऱ्या पडल्या. काठावर बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. साहेबांनी मला सांगितले, त्यांना झिरा दाखव. मी पुढे झालो. सरूबाई मागच्या रांगेत होती. तिने घागर उलटी करून कमरेवर घेतली आणि पाय ओढीत घराकडे वळली.

त्या दिवसापासून आबा पाटील बैठकीला आले नाहीत. दुधाची चरवी यायची बंद झाली. मी वाडीत गेलो तर ओटे रिकामे होत. आबांना वाटेत गाठले तर म्हणाले, "तुमच्यात फिरसांगणी हाय, आमच्याशी नुसती सांगनी. मौलवीनं यक सांगितलं, सायबानं दुसरंच केलं. आमी कोनाचं धरावं?" आणि पुढे गेले.

संध्याकाळी निवारणबाबू काडीला वेढा द्यायला गेले, तेव्हा सरूबाईने दार लावून घेतले. दुसऱ्या दिवशीही. ती सकाळ-संध्याकाळ झिऱ्यावर जाऊ लागली होती, घोट्याला काडी बांधलेली. तिसऱ्या दिवशी वाळूत पाय रुतला, काडी कशात तरी अडकली आणि किडा तुटला.

मौलवी साहेब चौथ्या दिवशी परतले. सोबत दोन खणणारे, गाडीत लाकडी कप्पी. बारवेपाशी तट्टावरून उतरले, पांढऱ्या पायऱ्या पाहिल्या. मग मला विचारले, "मुन्शीजी, यह क्या हुआ?" मी म्हणालो, साहेबांनी विचार बदलला असेल. हे दुसरे खोटे; पहिल्यापेक्षा सोपे गेले.

त्या दिवसापासून मौलवी साहेबांनी बैठकीत साहेबांकडे पाहणे सोडले. विचारले तर उत्तर देत, अदबीने, आणि संपले. साहेबांना कळेना. मला खासगीत विचारले, म्हातारा का रागावला आहे, त्याचे ऐकून तर सगळे केले. मी म्हणालो, प्रवासाने थकले असतील.

सरूबाईचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला, ताप चढला. तरी ती दार उघडीना. शेवटी मौलवी साहेब एकटे तिच्या ओट्यासमोर जाऊन उभे राहिले. मला बरोबर घेतले ते भाषेसाठी. त्यांनी टोपी सारखी केली आणि बंद दाराला उद्देशून म्हणाले की चूक त्यांची आहे. त्यांनी वचन दिले आणि ते पाळू शकले नाहीत. त्यांच्या चुकीची शिक्षा तिने आपल्या पायाला देऊ नये. मला म्हणाले, सांगा त्यांना. मी ते मराठीत सांगितले. एकही शब्द न गाळता. सांगताना माझा आवाज मलाच परका वाटत होता.

दार उघडले. बाबूंनी जखम चिरली, पू काढला. जीव वाचला. पण टाचेच्या शिरा आखडल्या होत्या. बाबूंनी पाय हातात धरून पाहिला आणि मला इंग्रजीत सांगितले, हा आता जमिनीवर सरळ टेकणार नाही. मी तिला म्हणालो, बरा होईल हळूहळू. तिने माझ्याकडे पाहिले, मग बाबूंच्या तोंडाकडे. त्यांच्या तोंडावरून तिला कळले असावे.

निघताना

महिना संपला, तळ उठवायचा हुकूम आला. आड अर्धाच खणून झाला होता, खाली काळा दगड लागला होता. शेवटच्या संध्याकाळी निंबाखाली बैठक भरली. साहेब म्हणाले, निघण्याआधी कोणाला काही सांगायचे आहे का. नेहमीची रीत होती ती. मी म्हणालो, मला सांगायचे आहे.

मी आधी इंग्रजीत सांगितले, मग उर्दूत. त्या दिवशी मौलवी साहेब काय म्हणाले होते आणि मी काय सांगितले. साहेब काय म्हणाले होते आणि मी काय सांगितले. आणि का. मला वाटले, आता कोणीतरी रागाने उठेल. मला ते हवे होते.

कोणी उठले नाही. साहेबांनी हात जोडून गुडघ्यांवर ठेवले आणि नियमाप्रमाणे परत सांगू लागले. "मौलवी साहेब नाही म्हणाले. तू मला सांगितलेस की ते हो म्हणाले. तुला भीती होती की मी तुला परत पाठवीन." थांबले. "हेच का?"

मी म्हणालो, हेच.

मग मौलवी साहेबांनी उर्दूत. त्यांनी एक गोष्ट जास्त सांगितली, जी मी बोललो नव्हतो: की मी पहाटे बारवेवर उभा होतो आणि त्यांना बायकांशी बोलताना ऐकत होतो. हेच ना, म्हणाले. हेच. निवारणबाबूंनी काही परत सांगितले नाही. ते उठून काचसामान भरू लागले. थोड्या वेळाने साहेब मौलवी साहेबांच्या जाजमावर जाऊन बसले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि मला कोणी बोलावले नाही.

साहेबांनी मला काढले नाही. हैदराबादेपर्यंत नेले, शिफारशीची चिठ्ठी दिली. तिच्यात एकही खोटा शब्द नाही. मी दुभाषी होतो असेही तिच्यात नाही. त्यांच्या उपकारातून मी या जन्मी मोकळा होणार नाही.

निघायच्या सकाळी गाड्या जुंपल्या जात असताना मी सरूबाईकडे गेलो. ती उंबऱ्यात बसली होती, पाय पुढे पसरून. आत नवरा खोकत होता. मी ओट्याखाली उभा राहून सगळे सांगितले. तिला हा नियम कोणी शिकवला नव्हता. सहा आठवडे गावभर चालली होती फिरसांगणी, ती कानांवर पडली असेल, किंवा तिला नीट समजून घ्यायचे असेल. तिने माझ्याकडे न पाहता म्हटले, "म्हंजे मौलवी न्हाई म्हनत व्हते."

"हो."

"आन् तू सायबाला हो म्हनून सांगितलं. मला शबूद देऊनबी."

"हो."

"तुला नोकरीचं भ्याव व्हतं."

"हो, सरूबाई. हेच."

तिने कोपऱ्यातल्या घागरीकडे पाहिले. "बरं," म्हणाली. "मंग आता पानी कोन आनल?"

मी घागर उचलली आणि झिऱ्यावर गेलो. कोसभर जाणे, कोसभर येणे. गाड्या माझ्यासाठी थांबल्या, कोणी हाक मारली नाही. आधी ती एक घागर, मग रांजणापाशी पडलेली दुसरी, अशा दोन खेपा मी केल्या. दुसरी ओतताना बाबूंच्या उपरण्याचा तुकडा रांजणाच्या तोंडाला बांधलेला होता. पाणी त्यातून सावकाश खाली जात होते, आणि ते गाळून होईपर्यंत मी वाकून उभा राहिलो. रांजण अर्धा भरला. मग मी गाडीत जाऊन बसलो.

अर्धा रांजण. दोन माणसांना तो किती दिवस पुरला असेल, याचा हिशेब मी अजून सकाळी पाय पाहताना करतो. तीन दिवस. फार तर चार.